काही न लावता

पहिल्या रात्री धूर निघाला.
कपॅसिटर उलटा बसवला होता,
पांढरी पट्टी धन बाजूला. एवढीच चूक.
सार्मिते झोपेतूनच ओरडली, गुंतिस, पाव जळतोय.
मी म्हटलं, हो.

मी ट्राम चालवतो. शेवटची फेरी आगारात लावून
घरी पोचतो तेव्हा रीगाच्या या टोकाला
भिंतीपलीकडच्या माणसांनी कूस बदललेली ऐकू येते.
स्पीकरची सोय नाही. म्हणून हेडफोन,
आणि माझ्या जुन्या हेडफोनला फोनचा जोर पुरत नाही,
म्हणून हे सगळं:
स्प्रॅट माशांचा रिकामा डबा, साबणाने दोनदा धुतलेला,
आत चार बोटं पट्टी, आठ पायांचा एक काळा किडा,
नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, पाठीला पाठ लावून.

दुसऱ्या रात्री धूर नाही. उजवीकडे आवाजही नाही.
प्रत्येक टाका भिंगाखाली धरला.
सगळे चकचकीत, एक सोडून.
तो राखाडी, खरबरीत, गोठलेल्या डबक्यासारखा;
धरून आहे असं दाखवत होता नुसतं.
आयर्न टेकवलं, तीन सेकंद,
कथील मेणासारखं पायावर चढलं
आणि उजवा कान उघडला.

तिसऱ्या रात्री किडा तापायला लागला.
गाणं ठीक. मीटरवरचे आकडे ठीक. बोट मात्र ठेववेना,
बॅटऱ्या तासाभरात आडव्या.
पाणी कुठं मुरतंय ते कळेना,
तेव्हा डबा कोटाच्या खिशात घातला
आणि चौथ्या मजल्यावर व्हिस्वाल्डिसांकडे गेलो.

रेडिओच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस.
कारखाना बुडाला तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी
त्यांनी ऑसिलोस्कोप आणला होता, ट्रॉलीबसने, मांडीवर.
त्याला जागं व्हायला दहा मिनिटं लागतात.
तेवढ्यात काळा चहा, बशीत मुरंबा.
मग हिरवी रेघ आली. रेघ कसली,
दोन बोटं रुंद पट्टा, काठ पुसट.

"गातोय," ते म्हणाले.
मला काहीच ऐकू येत नव्हतं.
"तुला काय, वटवाघळालाही येणार नाही.
सेकंदाला वीस लाख वेळा थरथरतोय.
त्याला वाटतंय, कुणी बोलतंय आपल्याशी.
स्वतःचाच आवाज तो, फिरून आलेला."

हात कापतील असं मला वाटलं होतं.
कापत होतेच. आयर्न टेकताना तेवढे थांबले.
किड्याला बिलगून मसुराएवढा एक कपॅसिटर,
बाहेरच्या वाटेवर सत्तेचाळीस ओहमची एक अडवणूक.
पट्टा मिटला. केसाएवढी रेघ उरली.

मी फोन काढला, विचारलं, काय लावू?
"काही नको. आवाज पूर्ण वर कर
आणि काही न लावता दे. गाणं चुका झाकतं."

हेडफोन चढवला. भुवया चढल्या.
"गुणगुण आहे." डब्यावर बोट ठेवलं, काढलं, ठेवलं.
मग चाकूने आतला सोनेरी लेप खरवडू लागले,
जिथे माझी तार मी इमानाने स्क्रूखाली आवळली होती
आणि ती तीन रात्री पत्र्याला नव्हे,
माशांसाठी लावलेल्या वार्निशला धरून बसली होती.

पुन्हा हेडफोन. डोळे मिटलेले.
एक मिनिट गेलं. दुसरं.
खालून बर्फ ओढणारी गाडी गेली;
ती फक्त मला ऐकू आली.
चहा निवला. त्यांची मान
हळूहळू एका बाजूला कलली, झोपले की काय,
मी हात पुढे केला,
तर त्यांनी डोळे न उघडताच तो बाजूला सारला.

शेवटी म्हणाले, जरा मोठ्यानेच,
कान झाकलेली माणसं बोलतात तसे:
"पास."

डबा उलटा केला, पेन्सिल चाटली,
तळावर एक आकडा लिहिला: सतरा.
माझा नंबर, म्हणाले.
तक्रार आली तर हा सांगायचा.

चार हिवाळे झाले. आकडा थोडा पुसट झालाय.
डबा कोमट झाला की अजून माशांचा वास येतो.