डूख

उंदीर जिवंत होता, हे तारासने तिसऱ्या दिवशी सांगितलं.
गोठवलेला वितळायला वेळ लागतो,
म्हणून दुकानातून जिवंत आणला, पेटीत सोडला,
आणि गेम खेळता खेळता झोपून गेला.
साप भुकेला नव्हता.
उंदीर होता.

बुर्याकच्या पाठीवर वीतभर जागेत तीन खड्डे,
एकात आतलं पांढरं दिसत होतं.
रेजायनाच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "जगेलही."
त्या 'ही'वर सत्तर किलोमीटर बर्फातून
आम्ही मूस जॉला परत आलो.

आता भुशाऐवजी कागदी रुमाल.
कोमट पाण्यात आयोडीन, फिक्क्या चहाच्या रंगाइतकंच,
मग पांढरं मलम.
दर तिसऱ्या दिवशी सुई,
एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे,
फ्रिजवर तारखेपुढे लिहायचं: डा. उ. डा.
तारास धरतो, मी टोचतो.
मी, ज्याला अंगणातला पाण्याचा पाइपही दचकवतो.

त्याचा बाप नाही मी. त्याच्या आईचा नवरा.
चार वर्षांत आमच्यात एवढं बोलणं झालं नव्हतं:
"धर."
"धरलाय."
"हलू देऊ नकोस."
"तो नाही हलत. तुझा हात हलतोय."

जानेवारीच्या वादळात वीज गेली.
बाहेर उणे छत्तीस, ओलेना हॉस्पिटलात रात्रपाळीला.
पेटीतली ऊब तासाभरात ओसरली.
पोरगा हडकुळा, त्याच्या अंगात ऊब ती कितीशी.
मी शर्टाची बटणं सोडली.
पोटावर आधी किल्ल्यांच्या जुडग्यासारखं गार,
मग हळूहळू काहीच नाही,
म्हणजे माझ्याइतकंच.

अंधारात तारासने विचारलं,
"त्याला कळलं असेल, की मी केलं?"
सापाच्या एवढ्याशा डोक्यात
डूख धरायला जागा कुठे असते, मी म्हणालो.
तो बराच वेळ बोलला नाही.
डूख खोलीत होताच.
पोराने स्वतःवर धरलेला.

मार्चमध्ये कात आली.
कात टाकली की सगळं नवं, म्हणतात.
जखमेपाशी ती अडकली, फाटली,
ओल्या टॉवेलने तारासने कणाकणाने सोडवली.
खाली खवले नव्हते,
करडा, गुळगुळीत डाग,
मळलेल्या कणकेवर अंगठा टेकवावा तसा.

रविवारी त्याने उंदीर वितळवला,
मेलाय ना, हे तीनदा पाहिलं,
चिमट्याने पुढे धरला.
शेपटी बराच वेळ तोंडाबाहेर राहिली.
ओलेनाने दोनदा हाक मारली,
सूप निवत होतं,
आम्ही दोघंही हललो नाही.