सीट नंबर अकरा

पावणेसहा. शारजा, अल नहदा.
एसीचं पाणी ठिबकतंय फुटपाथवर,
तिथेच निहार फतकल मारून बसलाय
दप्तराकडे पाठ करून.
"नाही येणार."

सहा वर्षांचा. सतरा किलो.
मला ठाऊक, रोज मीच उचलते.
आई लिफ्टचं दार पायाने अडवून उभी,
तिची ड्यूटी सातची.
गुलरेज हॉर्न देत नाही, नुसता थांबतो;
पठाणाची एवढीच माया.

काखेत हात घालते. तो लाथा झाडतो.
माझ्या हिरव्या जाकिटावर बुटाचा ओला ठसा.
मोठ्या माणसाला असं कुणी उचललं
तर पोलीस येतील.
याला उचललं की म्हणतात, सुगंधाबाई कामाची.

बेल्ट लावताना त्याने विचारलं,
"तुला पण असंच उचलून नेलेलं?"

नाही रे.
पालशेतला सातवीनंतर
बाबांनी माझं दप्तर माळ्यावर टाकलं,
पुढे त्यात सुपाऱ्या ठेवल्या.
पाटणकर गुरुजी आले होते एकदा.
"पोर हुशार आहे हो," म्हणाले,
चहा घेतला, बशी पालथी घातली, गेले.
मी दाराआड.
वाटत होतं, यांनी आत यावं,
दंडाला धरून फरफटत न्यावं मला
सगळ्या वाडीदेखत.

तर मग जबरदस्ती वाईट
हे मी कुठल्या तोंडाने म्हणू?
आणि चांगली, असं तरी कसं,
ठसा अजून वाळला नसताना?

हा मुंग्यांची रांग अर्धा तास बघतो.
शाळेच्या डायरीत शेरा: लक्ष नसते.

पुढचा थांबा निळ्या शटरची इमारत.
इथे आता बस थांबत नाही, नुसती हळू होते.
दुसऱ्या मजल्यावर खिडकीत तहरीम,
अंगात शाळेचाच शर्ट.
बापाची कंपनी बुडाली, फी थकली, व्हिसा संपला,
माझ्या यादीतून नाव खोडलं त्याला चार महिने झाले.
कायदा तिलाही लागू आहे म्हणे.
पण तिला उचलून आणायला
कुणी जिना चढत नाही.

निहार काचेला नाक लावून म्हणतो,
"तिची मज्जा आहे."

मी काही बोलले नाही.
डोकी मोजली, सही केली.
अकरा नंबरची सीट रिकामीच असते,
तरी तिचा बेल्ट मी रोज लावते,
नाहीतर वळणावळणावर
बक्कल वाजत राहतं.