पाठपुरावा

अनुक्रमांक एक्केचाळीस. वय एकोणीस.
वडोदरा, वाडी भाग. पाण्याच्या टाकीवरून शेजारच्या गच्चीत.
चौदा जानेवारी, दुपारचे चार दहा.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं : पतंग.
सरांनी लाल पेनाने केलं : उंचावरून पडणे.

मी डॉक्टर नाही.
संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, आणि
दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जिथे ऑटोक्लेव्हची वाफ खिडकीवर बसते,
त्रेसष्ट माणसांना फोन करायला मला ठेवलं आहे.
तीन उत्तरायणांत पडलेली त्रेसष्ट माणसं.
कुणी चोवीस तासांच्या आत टेबलावर,
कुणी पादऱ्याहून, डभोईहून, टेम्पोत गोधडीवर, तिसऱ्या दिवशी.
दाबलेला मज्जारज्जू लवकर मोकळा केला
तर पाय परत येतात का,
आले तर किती :
एवढंच शोधतोय आम्ही.

या कामाला आपल्याकडे शब्द आहे, पाठपुरावा.
बाबांनी तो पेन्शनच्या अर्जांसाठी वापरून वापरून गुळगुळीत केला.
मला तो इथे येऊन ऐकू आला.
पाठ. पुरावा.
पाठी आमच्याकडे आहेत, काळ्या फिल्मवर ओळीने :
बारावा मणका पाचरीसारखा चेपलेला,
त्याच्या मागे रज्जू, मध्येच एक पांढुरका डाग.
पुरावा अजून यायचाय.

फोन गुजरातीत सुरू करते.
माझं आडनाव ऐकून शितोळेकाकू मराठीवर येतात,
अर्ध्या वाक्यात परत गुजरातीवर,
आमच्या दांडिया बाजारात बोलतात तसंच.
बसतो का? बसतो.
पाठीला उशी? लागते.
कमरेखाली हात लावलेला कळतो?
थांब, त्यालाच देते.

"खाली काही नाही, ताई," निनाद म्हणतो.
"पण या उत्तरायणला फिरकी मी धरली.
चौघांनी खुर्चीसकट वर चढवलं.
मांजा माझ्या बोटावरून जात होता.
दोनशे वारांवर वाऱ्याने कूस बदलली
की उडवणाऱ्याच्या आधी मला कळायचं."

संवेदना : कमरेखाली शून्य.
दोनशे वारांसाठी फॉर्मात जागा नाही.

मग जिन्यात पावलं वाजतात. फोन कुणीतरी बाहेर नेलाय.
"मी तौसीफ. त्याचा दोस्त."
मराठी ऐकत वाढलेला, सांभाळून बोलतो.
"त्या दिवशी आम्हीच उचलला. चादरीत.
दोघं हातांकडून, दोघं पायांकडून. मध्ये तो लवला.
जिन्याच्या वळणावर ओरडला,
मग ओरडायचा थांबला.
ते पडल्यामुळे झालं, की आमच्यामुळे?"

वर्षभर हे वाक्य त्याने पाठ केलेलं असणार.
एकदाही अडखळला नाही.

सरांना विचारलं. ते हात धूत होते.
"ते आपण मोजलेलं नाही. आपल्या अभ्यासात तो चल नाही."
नळ बंद करून तसेच उभे राहिले, कोपरांवरून पाणी ठिबकत.
"कदाचित पडतानाच. कदाचित जिन्यात.
फिल्मवर दोन्ही सारखंच दिसतं. त्याला सांग..."
आणि काय ते न सांगता आत गेले.

चल. बदलती राशी. दुसऱ्या वर्षाला होतं.
निनादच्या व्यायामाच्या बाई
तोच शब्द त्याला रोज सकाळी म्हणतात.

तौसीफला मी म्हटलं, माहीत नाही.
खोटं बोलता आलं असतं.
माझ्याकडे त्रेसष्ट ओळी आहेत,
एकाही ओळीत जिना नाही.
बराच वेळ नुसता रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येत राहिला.
मग तो म्हणाला, "लिहून तरी ठेवा."

शेवटच्या रकान्याबाहेर कागद थोडा उरला होता.
पट्टी सापडेना. हातानेच रेघ मारली, वाकडी आली.
वर लिहिलं : कुणी उचललं, कसं.

आता एक नंबरपासून परत.
पहिला फोन वाजतोय,
कुणी उचलत नाही.