राहिलेला बटवडा

एकतीस वर्षं मी विल्मिंग्टनमध्ये टपाल वाटलं.
कुठल्या फाटकाची कडी अडकते, कुठलं कुत्रं नुसतंच भुंकतं,
कुणाचा मुलगा तुरुंगातून लिहितो
आणि कोण ते पाकीट उघडतच नाही,
सगळं पाठ.
चौथा रस्ता हार्नेटला मिळतो
त्या कोपऱ्यावर मी रोज पिशवीचा पट्टा
डाव्या खांद्यावरून उजव्यावर घ्यायचे.
तेवढीच त्या कोपऱ्याची आणि माझी ओळख.

निवृत्तीनंतर, गुडघ्याच्या डॉक्टरकडे,
शेजारी बसलेल्या पोरीने वहीतून मान वर केली.
"तुम्ही इथल्याच ना? मग अठराशे अठ्ठ्याण्णवचं सांगा.
शाळेचा प्रकल्प आहे."
मी म्हटलं, वादळ होतं का गं ते?
ती हसली नाही.
हसली असती तर बरं झालं असतं.

आम्हाला शाळेत होते चाचे, दीपगृहं,
वाळूवरून उडालेलं पहिलं विमान.
चौथीत मिसेस पेनिक्स यांनी एका दुपारी
दोन पानं एकदम उलटली होती.
मला वाटलं, चिकटली असतील.

मग वाचनालयात जाऊन बसले.
वाचायची मला एकच रीत येते:
पत्ता बघायचा, नाव जुळवायचं.
सत्त्याण्णवची शहराची नावनिशी डाव्या हाताला,
एकोणीसशेची उजव्या.
काळ्या माणसांच्या नावाशी बारीक चांदणी छापलेली.
न्हावी. सुतार. शिवणकाम. गोदीतला हमाल.
नगरसेवक.
हो, नगरसेवक, मतं मिळवून बसलेला.
नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी
लोक बंदुका घेऊन आले, आधी छापखाना जाळला,
मग माणसं मारली,
आणि दिवेलागणीपर्यंत शहराला नवा महापौर होता.
छापखाना ज्या इमारतीत होता तिचं नाव 'प्रेम आणि दानधर्म'.
मी नाही रचलेलं हे.

किती मेले?
एक कागद चौदा म्हणतो, एक साठ,
एक म्हणतो, नदीला विचारा.
आमच्या नदीच्या नावातच भीती आहे
आणि मी ते नाव जन्मभर
पावाचा भाव सांगावा तसं उच्चारत आले.

उजव्या हाताच्या पुस्तकात चांदण्या विरळ होत गेल्या.
टपालात आमच्याकडे एक शिक्का असायचा:
'घर सोडून गेले. नवा पत्ता नाही.'
बोटांना त्याची मूठ आठवत राहिली.
वाचनालयाची बाई म्हणाली, बाई, पाच वाजले.

तेव्हा आठवल्या युलालिया बेस.
निक्सन स्ट्रीट, हिरवं दार, ऐंशी उलटलेल्या.
रजिस्टर पत्राची सही घ्यायला मागून जावं लागायचं
आणि तिथे कायम एक बुटांचा जोड,
लेस सैल करून ठेवलेला,
टाचा घराकडे, तोंडं बाहेर.
"कुठे निघालात, मिस युलालिया?"
"कुठे नाही गं. आईची सवय.
ती एकदा अनवाणी गेली होती."
मला, गोऱ्या टपालवालीला, त्यांनी एवढंच सांगितलं.
एवढं सांगितलं होतं.
मी म्हटलं, आयांचं असंच असतं,
आणि पेन पुढे केलं.

दलदल, लिहिलंय कागदात.
बायका, तान्ही मुलं, थडग्यांच्या आडोशाला,
पावसात, आग न पेटवता.
किती रात्री, त्यावर एकमत नाही.

त्या पोरीचं नाव विचारायचं राहून गेलं.
तिचा प्रकल्प कधीच देऊन झाला असेल,
गुणही मिळाले असतील.
तरी मी डावीकडे असलेली, उजवीकडे नसलेली नावं
सुवाच्य अक्षरात उतरवली, पाकीट केलं,
तिकीटही लावलं.
पुढची बाजू कोरी आहे.

काल रात्री माझे बूट मागच्या दाराशी ठेवून बघितले,
लेस सैल करून,
तोंडं बाहेर.
झोप लागली.
नेहमीसारखी, पडल्या पडल्या.
सकाळी उचलून आत घेतले.