वाकवलेलं बोट

देश सांगायचं काम साहुंद्राचं.
माझं काम खड्डे.
ती रस्त्याकडं पाठ करून उभी राहते, हातात माईक,
आणि जे यायचंय ते आधीच सांगून टाकते.
मी ते मागाहून आणतो.

तानापासून तुलियारापर्यंत
सहा दिवस, अकरा पाहुणे, एक जादा चाक.
लाल माती, म्हणते ती,
मी गियर बदलतो
आणि माती खरंच लाल होते.

अंबातुलाम्पीला भंगार वितळवून पातेली ओततात.
धगीशी दोन माणसं, पाय उघडे.
पाहुणे फोटो काढतात, मी पातेल्यांत डोकावतो.
माझ्या जुन्या गाडीचं इंजिन इथंच घातलं होतं विकून.
कुणाच्या तरी चुलीवर असेल,
चढावर तापायचं तसंच तापत असेल अजून.

आंत्सिराबेच्या पुढं पोरं धावत येतात
दुधाच्या डब्यांच्या छोट्या गाड्या घेऊन.
एकीवर माझ्या बसचा नंबर होता.
घासाघीस केली नाही.

कबरी दिसू लागल्या की साहुंद्राचा आवाज खाली येतो.
इथं जिवंत माणसं मातीच्या घरात राहतात,
मेलेली दगडाच्या.
तिकडं सरळ बोट दाखवू नका.
दाखवायचंच तर असं.
ती तर्जनी दुमडते,
आणि बसमध्ये अकरा बोटं दुमडतात,
जणू कुणाचं दार वाजवायला.

अंबालावाऊला बायका रानरेशीम विणतात.
त्याच रेशमात आम्ही आमची माणसं गुंडाळतो.
हिवाळ्यात थडगं उघडायचं,
हाडं उन्हात आणायची, जुन्या कापडावर नवं चढवायचं,
पावेवाले बोलवायचे, खांद्यावर घेऊन नाचायचं,
गावच्या बातम्या सांगायच्या
आणि परत आत निजवायचं.
हे हिवाळ्यातच.
आणि पाहुणेही हिवाळ्यातच येतात.
नऊ हिवाळे मी या रस्त्यावर आहे,
आधी पैसे नव्हते म्हणून,
मग पैसे मिळत होते म्हणून.

मादाम ओदीलनं शाल घेतली, किंमत दोनदा विचारून.
बसमध्ये गारठा होता.
वळणाआधी आरशात पाहिलं तर
डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत त्या कापडात
ती झोपलेली, तोंड उघडं.
स्टिअरिंगवरचा हात हलला.
वळणाला मी हॉर्न दिला, बारीक.

कोण होतं, मागून कुणीतरी.
गाय, साहुंद्रा माईकमध्ये म्हणाली
आणि पुढच्या डोंगराचं सांगू लागली.

इसालूचे खडक तिनं अर्धा दिवस सांगितले.
इलाकाकाला कुणी नीलम घेतला, कुणी काच.
मग समुद्र, मिठ्या, पाकिटं,
रिकामी बस.

परतीला ती पुढच्या सीटवर बसते, चपला काढून.
शेंगा सोलते. बोलत नाही,
सहा दिवसांचं बोलून झालेलं असतं.
त्या वळणाला मात्र म्हणाली, थांब.
बंद माईक उगाच हातात घेतला,
डावीकडं तर्जनी दुमडली
आणि थांबून राहिली, मी उतरेपर्यंत.

उतरलो.
थोडी रम दगडावर, थोडी मला.
बापाला काय सांगणार?
देश मला सांगता येत नाही.
इहुशीच्या पुलाची एक फळी गेलीय, म्हटलं.
डिझेल वाढलंय.
अंकारामेनाच्या खालचा तुकडा तेवढा बरा केलाय,
पण पाऊस लागला की बघायचं.
तुझा नातू आता एकटा टायर बदलतो.

कापडाचं काही बोललो नाही.
त्यानंही विचारलं नाही.