भाताऐवजी

रिपोर्टवर आकडा होता नऊ पॉइंट एक.
डॉक्टर डोंगरवारांनी त्याला गोल केला,
चुकलेल्या गणिताला गुरुजी करायचे तसा,
आणि विचारलं, "गाव कोणतं?"
"तुमसरकडलं."
"मग कठीण आहे," म्हणाले.

तुमसरकडे माणसाला भूक लागत नाही,
भात लागतो.
चार पोळ्या खाऊन उठलात तर म्हणतात,
नाश्ता झाला, आता जेवून घ्या.
बत्तीस वर्षं मी नागपुरात
कोळसा कंपनीच्या फायली वाहिल्या
त्या डब्याच्या खालच्या पुडातल्या भातावर.

पहिला आठवडा फुलकोबीचा.
कुंदानं किसली, वाफवली, वर वरण घातलं,
दुरून पाहिलं तर चिन्नोरच.
पण कोबीच्या पोटात गुपित राहत नाही.
ठवकरबाई जिन्यातूनच ओरडल्या,
"काय शिजून राह्यलं वो आज?"
मी वरणाच्या भरवशावर गिळलं.

मग पुण्याहून लेकीनं पाठवला
मूगडाळीचा पास्ता.
पाकिटावर एक बारीक बाई हसत होती.
अर्धा विरघळला, अर्धा रबर झाला.
कुंदा म्हणाली, "मुगाला एवढं वाकडं कशाला करायचं,
सरळ मुंगोडी घातली असती."

दुधीच्या लांब लांब शेवया झाल्या.
नातू म्हणाला, "आबा, हे गांडूळ हिरवे का?"
त्या दिवशी कुणीच जेवलं नाही.

रोज सकाळी अंबाझरीला फिरायला जायचो
आणि यायचो शंकरनगरच्या टपरीवरून,
तर्री पोहे खाऊन.
मन साफ होतं. भात सोडला होता ना मी.
कुंदानं शर्टावरचा लाल डाग दाखवला,
"पोहे म्हणजे काय? चपटा भातच."
इतक्या फायली तपासल्या,
हे कलम नजरेतून सुटलं होतं.

कुटकी मिळाली गोकुळपेठेत.
सगुणा मडावी महिन्यातून एकदा
कोरचीहून दोन पोती घेऊन येतात,
फुटपाथवर बसतात, मोजकं बोलतात.
"धुताना गाळणी धरा, नाहीतर वाहून जाते.
आणि भातासारखी लागंल म्हणून खाऊ नका,
रागावते."

खाल्ली तशीच. रागावली.
दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा कुंदानं तिचा गोळाभात केला,
गोळे नेहमीचेच, हरभऱ्याच्या भरड्याचे,
वर कढवलेलं तेल, हिंग, सुकी मिरची.
चर्र झालं.
कान फसला.
जीभ जरा मागे राहिली,
जिना चढताना हल्ली मी राहतो तशी,
पण आली वर.

तीन महिन्यांनी सात पॉइंट चार.
डॉक्टरांनी गोल केला नाही. नुसती टिक.

वैशाखात भाच्याचं लग्न,
कोराडी रोडच्या लॉनवर, कूलरसमोर खुर्च्यांची भांडणं.
अक्षता वाटणारा पोरगा माझ्यापुढे थांबला.
ही मूठ डॉक्टरांच्या कागदावर नव्हती.
हळदीत माखलेले, अख्खे, कच्चे,
तळहाताच्या घामात जरा ओले झालेले.
"सावधान" झालं, सगळ्यांनी उधळले.
मी हात वर केला, पूर्ण उघडला नाही.
जेवताना भाताच्या काउंटरसमोरून
सरळ पुढे गेलो, मान ताठ.
कुंदा बघत होती, ते पाठीला कळत होतं.

मंगळवारी शर्ट धुवायला काढला तेव्हा
तिनं खिसा उलटा केला.
बोलली काहीच नाही.

रात्री कुटकीत दाताला लागलं काहीतरी लांब,
पिवळसर, मऊ शिजलेलं.
मी वर पाहिलं.
"अकरा होते," ती म्हणाली, आणि लोणच्याची बरणी
उगीच पुढे सरकवली.

मला सात सापडले.
मोजून, एकेक करून खाल्ले,
प्रत्येकाला वेगळा घास दिला.
उरलेल्या चारांचं मी विचारलं नाही.
तिचं ताट
पुसल्यासारखं साफ होतं.