पान दोनशे बारा

गिरणीचा पट्टा फिरतोय, ज्वारी पडतेय,
आणि ती तिकडं पुलाखाली
उघड्या हातानं पिशाच्च जाळतेय.
खांदा फाटलाय तिचा. डावा.
माझाही डावाच दुखतो, डबे उचलून.

"रंजनाक्का, भाकरीला हवंय, बारीक काढ."
मी बोटानं पान दाबून धरते.
पिशाच्च थांबतंय बिचारं.

तिला लाईटबिल येत नाही कधी,
शिव्या मात्र
आमच्या उत्तरेश्वर पेठेतल्याच वाटतात.

साडेनऊला शटर ओढलं.
गंगावेशीच्या कोपऱ्यावर तोच बुलेटवाला.
एरवी मी मागच्या बोळानं जाते.
आज पुस्तक काखेत, हात कोपरापर्यंत पांढरे,
सरळ गेले.
त्यानंच गाडी चालू केली.

घरी येऊन बघते तर
पान दोनशे बारावर पिठाचा अंगठा.
पिशाच्चाचं काय झालं,
अजून वाचलं नाही.